दुधातले चंद्र

2023 साली पौर्णिमा तेरा होत्या. एरवी बहुधा बारांवर वर्ष संपतं. त्या वर्षी श्रावण दोनदा आला आणि भिंतीवरच्या कालनिर्णयात ऑगस्टच्या एकाच पानावर दोन पौर्णिमा दाटीवाटीनं बसल्या, एक महिन्याच्या उंबऱ्यावर, दुसरी परसदारी. आमच्या घरात त्या वर्षी जे जे झालं तेही असंच दाटीवाटीनं झालं. मे महिन्यात लेकीचं लग्न. मांडवाच्या आंब्याच्या डहाळ्या सुकून अंगणात त्यांचा कडवट वास उरला होता तोवर धोंड्याचा महिना लागला, म्हणजे नव्या जावयाचं पहिलं वाण. नवरात्रात मला एक पुरस्कार. आणि वर्षाच्या शेपटाला, मार्गशीर्षात, सासूबाईंचं सहस्रचंद्रदर्शन. मिरजेतल्या आमच्या जुन्या घरानं इतकी माणसं, इतके हार, इतकी घासूनपुसून पालथी घातलेली पातेली एका वर्षात क्वचितच पाहिली असतील. जिन्याची तिसरी पायरी पाय पडला की कुरकुरते; त्या वर्षी ती गप्प अशी बसलीच नाही.

कसं गेलं वर्ष, असं कुणी विचारलं की मी म्हणते, छान गेलं. पण म्हणताना डोळ्यांपुढे येतो गच्चीचा कठडा. दिवसभर उन्हात तापलेला, रात्र चढेल तसा थेंबाथेंबानं निवत जाणारा, आणि त्याच्या खरखरीत अंगावर टेकलेला माझा तळहात.

लग्न मला नाकानं आठवतं. सांगलीच्या पेठेतून आणलेली राजापुरी हळद, ती कुटताना उडालेला पिवळा धुरळा, तो पापण्यांवर बसला म्हणून हसणाऱ्या जावा-नणंदा. तुपात परतत्या रव्याचा वास, भटजींच्या पंच्याला येणारा कापराचा वास, भर दुपारी मोगऱ्याच्या वेण्यांवर पाणी शिंपडल्यावर उठणारा तो गार, ओला, अंगावर काटा आणणारा दरवळ. कार्यालयाच्या मागच्या अंगाला कोठीची खोली होती. कोठीवर सासूबाई. ऐंशी उलटलेल्या बाईला पुढे खुर्चीत बसवायचं सगळ्यांनी ठरवलं होतं, पैठणीही नेसवली होती, पण मुहूर्ताच्या आधी तासभर त्या किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचून आत नारळांच्या पोत्याशेजारी जाऊन बसल्या. घराण्यातल्या प्रत्येक लग्नात त्या कोठीवरच होत्या. साखर किती लागली, कोणत्या डब्याची झाकणं कुणी पळवली, आहेराच्या साड्यांत कुणाची साडी कुणाला गेली, हे सगळं त्यांना तोंडपाठ. नवरा-नवरी एकमेकांना हार घालताना कशी दिसली होती, हे मात्र त्यांना फोटोंवरून माहीत.

मुलीच्या आईनं लग्न लागताना पाहू नये, तुळशीला पाणी घालावं, अशी आमच्याकडे जुनी रीत. लेक आधीच बजावून गेली होती, ‘आई, तू असलं काही पाळायचं नाहीस हं.’ मी मान हलवली होती. पण अंतरपाट धरला गेला, ध्वनिक्षेपकावरून मंगलाष्टकांचा पहिला सूर खरखरत फुटला, आणि माझी पावलं आपली आपण मागच्या दाराकडे वळली. का, ते मला सांगता येणार नाही. तिथं कुंडीत एक धुळकट तुळस होती. मी तांब्यानं पाणी घालत राहिले. पलीकडे कोठीच्या दारात सासूबाई मुठीत अक्षता घेऊन उभ्या होत्या आणि दर ‘सावधान’ला भिंतीच्या दिशेनं चार-चार दाणे टाकत होत्या. भिंतीपलीकडे माझी लेक उभी होती. केशरी तांदूळ चुन्याच्या भिंतीवर आपटून खाली नारळांत पडत होते, आणि पलीकडे बँडनं एकदम उसळी घेतली.

लागलं लग्न.

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, ‘पाणी पुरे. मुळं कुजतील.’

त्या अंतरपाटाच्या अलीकडची जागा मला अनोळखी नाही, माझी उमर तिथंच गेली. मी भूलतज्ज्ञ. शस्त्रक्रियेच्या टेबलाच्या डोक्याशी माझं स्टूल असतं. रोग्याच्या छातीवर हिरवं कापड आडवं ताणलं जातं. त्याच्या पलीकडे प्रखर उजेड, हत्यारांची किणकिण, सर्जनची भराभर चालणारी बोटं. अलीकडे मिटलेला एक चेहरा, त्याचा श्वास आणि मी. मी या कामाला लागले तेव्हा लहान दवाखान्यांतून पल्स ऑक्सिमीटर पोचलेला नव्हता. एक हात काळ्या रबरी पिशवीवर असायचा. श्वास आत गेला की ती सुरकुतायची, बाहेर आला की तळव्यात भरून यायची. दुसऱ्या हाताची दोन बोटं कानापुढच्या नाडीवर. नजर ओठांच्या रंगावर. रात्रीच्या रात्री मी असा परक्या माणसाचा श्वास हातात धरून काढल्या आहेत. पुढे ते यंत्र आलं आणि त्यानं श्वासाला आवाज दिला. रक्तातला प्राणवायू उतरायला लागला की त्याचा टिक-टिक सूरही पायरी-पायरीनं खाली येतो. आकड्याकडे न पाहता, पाठमोरं असतानाही, नुसत्या उतरत्या सुरानं आमची मान झटक्यात वळते. पलीकडचं काम संपलं की पलीकडची माणसं हातमोजे काढून चहाला जातात. आमचं थांबणं तेव्हा सुरू होतं. गेलेला माणूस परत येईपर्यंत.

आणि परत आलेल्या माणसाला आम्ही आठवत नाही. आठवू नये म्हणून तर आम्हाला बोलावलेलं असतं.

त्या वर्षीच्या गुढीपाडव्यापासून मी रात्रीची बोलावणी बंद केली. सगळे म्हणाले, आता आराम कर. आराम हा मला वाटला होता तितका सोपा प्रकार निघाला नाही. रात्री दोनच्या सुमारास डोळे आपोआप उघडायचे. कान फोनकडे, पाय चपलांच्या शोधात. फोन मुका. घर झोपलेलं. शेजारच्या खोलीतून ह्यांचं संथ घोरणं, आणि त्यातही मध्येच श्वास अडला की माझे कान टवकारलेले. मग मी गच्चीवर जायचे. इतकी वर्षं या वेळेला मी रस्त्यावर असायचे. दवाखान्यातून परतताना गावाच्या माथ्यावर चंद्र असेच कधी कधी, पण मला तो दिसायचा स्कूटरच्या आरशात, तोही वळणावर, निसटता. आता तो पुरता समोर होता आणि त्याला पाहायला रात्रच्या रात्र मोकळी होती. तर मला कळेचना की चंद्राकडे पाहताना नेमकं करायचं काय. हात रिकामे. बोटांखाली नाडी नाही. मी कठड्यावर तळहात ठेवायचे आणि दगडाची ऊब हळूहळू उतरताना मोजत बसायचे.

दुपारी त्याहून मोठ्या. अशाच एका दुपारी माळ्यावरचा तंबोरा खाली काढला. ह्यांच्या आत्याचा तो. भोपळ्यावर धुळीची साय, दोन तारा तुटलेल्या, पण हस्तिदंती रंगाच्या पट्टीवरची वेलबुट्टी अजून शाबूत. रिक्षात मांडीवर आडवा घेऊन सतारमेकर गल्लीत गेले. आमच्या मिरजेत दोन धंदे शेजारी शेजारी वाढले, दवाखान्यांचा आणि तंतुवाद्यांचा. डॉ. वॉन्लेस यांचं रुग्णालय 1894 सालचं. तंतुवाद्यांची परंपरा त्याहून जुनी, तलवारी आणि भाले घडवणाऱ्या शिकलगारांची. हत्यारांचे दिवस सरले तेव्हा त्याच हातांनी पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे घेतले आणि त्यांच्या पोटात सूर कोंडायला शिकले. अब्दुल करीम खाँसाहेब याच गावात राहिले, 1937 पासून इथल्या दर्ग्याच्या आवारात विसावले आहेत. या गल्लीतून चालताना एका दारातून षड्ज येतो, दुसऱ्यातून लाखेचा वास, तिसऱ्यातून लाकडाचा भुसा; आणि उन्हाळ्यातल्या दुपारी हे तिन्ही मिसळून हवा अशी काही दाट होते की आपण बोलायला लागलो तर आवाज वेगळाच निघेल असं वाटतं.

दुकानातला कारागीर म्हातारा होता. मान खाली घालून घोडीची जवारी काढत होता. कानस एकदा, दोनदा, अगदी हलक्या हातानं. मग तार छेडायची, डोळे मिटून ऐकायची, पुन्हा कानस. मी म्हटलं, ‘जुना आहे. नीट होईल का?’ त्यानं मान वर केली नाही. कानस तशीच हातात थांबली.

‘तुमचा आवाज ऐकलाय मी,’ तो म्हणाला.

मी हसले. गाव लहान आहे, कुठंतरी ऐकला असेल म्हटलं.

‘नाही. तुम्ही म्हणाला होता, डोळे मिटले तरी चालतील, मी इथंच आहे. मग आकडे मोजायला लावले होते. पित्ताशयाचं ऑपरेशन. लई वर्षं झाली मॅडम.’ आता त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि त्याच्या नजरेत कसलीही ओळख नव्हती. चेहरा त्यानं कधी पाहिलाच नव्हता. तेव्हा मी तोंड बांधलेलं, डोक्यावर टोपी, त्याच्या कपाळाच्या मागे उभी. त्याच्याजवळ होता तो माझा आवाज, कुठल्याशा पट्टीतला, इतकी वर्षं जपून ठेवलेला. मी काय बोलणार? मी तंबोरा पुढे केला. त्यानं भोपळ्यावर टिचकी मारली, कान लावला, जशी आम्ही छातीवर बोटं वाजवून ऐकतो तशी. ‘आत चीर नाही,’ म्हणाला. ‘जगेल.’

पंधरा दिवसांनी तंबोरा घरी आला. मला गाता येत नाही. मी नुसती छेडते. जवारीच्या तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवायचा, त्याला ते लोक जीवा म्हणतात. धागा कणभर पुढे-मागे झाला तर आवाज बोथट, आणि एका नेमक्या जागी आला की तार एकटी राहत नाही, तिच्या आतून दुसरीच एक दूरची तार बोलायला लागते, जी तिथं बांधलेलीच नसते. त्या उन्हाळ्यात ती जागा शोधण्यात माझ्या कितीतरी रात्री गेल्या. खाली लग्नाच्या याद्या, आचाऱ्याचे फोन, साड्यांचे खोके. वर गच्चीवर मी आणि चार तारा.

अधिक महिन्यात सासूबाईंनी अनारसे केले. नव्या जावयाला तेहतीस द्यायचे. तांदूळ तीन दिवस भिजत, रोज पाणी बदलायचं, मग पंच्यावर सुकवून कुटायचे, गूळ घालून गोळा मुरू द्यायचा. माझ्या लेकीनं तयार पीठ आणू म्हटलं तर त्यांनी तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की ती मुकाट्यानं खसखस निवडायला बसली. तुपात अनारसा सोडला की खसखशीची बाजू वर, उलटायचा नाही, फक्त झाऱ्यानं तूप उडवत राहायचं; मग त्याला जाळी पडायला लागते. एक एक भोक उमलतं. सासूबाई ती जाळी पाहत असताना त्यांना कुणी हाक मारायची नाही, असा घरातला नियमच आहे.

त्याच पावसाळ्यात, पाऊस म्हणावा असा नव्हताच म्हणा, ऑगस्ट सगळ्या देशालाच कोरडा गेला, तर त्या कोरड्या ऑगस्टच्या 23 तारखेला संध्याकाळी सगळं घर टीव्हीपुढे गोळा झालं होतं. चांद्रयान उतरत होतं. पडद्यावर आकडे घसरत होते, उंची कमी कमी, वेग कमी कमी, आणि मला दरदरून घाम फुटला होता; आकडे असे उतरताना मी आयुष्यभर पाहिले आहेत आणि माझ्या ठिकाणी ते थांबवायचे असतात. इथं ते शून्यावरच जायला हवे होते. सहा वाजून चार मिनिटांनी टाळ्या झाल्या. जावई उडी मारून उभा राहिला. सासूबाईंनी वाती वळता वळता विचारलं, ‘पोचलं का गं? लागलं नाही ना कुठं?’ मग आम्ही सगळे वर गेलो. अर्धा चंद्र माथ्यावर आला होता, अजून उजेड होता म्हणून फिकट, आणि जावई बोटानं दाखवत होता, खाली, दक्षिणेकडे, त्या तिथं. तिथं काहीच दिसत नव्हतं. तरी आम्ही सगळे मान वर करून पाहत राहिलो. घरातली सगळी माणसं एकाच वेळी चंद्राकडे पाहताहेत, असं त्यापूर्वी झाल्याचं मला आठवत नाही. सासूबाई खाली होत्या. वाती राहिल्या होत्या.

पुढे सप्टेंबरात बातमी आली, तिथली रात्र सुरू झाली, यान निजवलं आहे. चौदा दिवसांची ती रात्र संपल्यावर त्याला हाका मारल्या गेल्या. ते उठलं नाही. माझ्या धंद्यातली ही सर्वांत मोठी भीती. पेपर घडी करून मी तो दुसऱ्या पेपरांच्या खाली ठेवला.

मग आलं माझं कौतुक. 16 ऑक्टोबर हा आमच्या लोकांचा सण. 1846 साली त्या दिवशी बोस्टनच्या रुग्णालयात मॉर्टन नावाच्या दंतवैद्यानं एका माणसाला ईथर हुंगवलं, सर्जननं त्याच्या मानेवरची गाठ काढली, आणि पायऱ्यांवर गच्च बसलेले डॉक्टर किंकाळीची वाट पाहत राहिले. ती आलीच नाही. जगातल्या सगळ्या शस्त्रक्रियागृहांतली शांतता त्या सकाळची वंशज आहे. आमच्या व्यवसायबंधूंनी त्या दिवशी मला व्यासपीठावर बोलावलं, शाल पांघरली, हातात श्रीफळ दिलं, माझी कारकीर्द वाचून दाखवली. ती कुणा भलत्याच कर्तबगार बाईची वाटत होती. पहिल्या रांगेत लेक-जावई, हे, आणि सासूबाई, या वेळी मात्र खुर्चीत, पैठणीत. दिवे डोळ्यांवर होते. त्या उजेडातून पलीकडचं काही दिसत नव्हतं, आणि मला पहिल्यांदाच कळलं की हिरव्या कापडाच्या पलीकडच्या बाजूला उभं राहिलं की असं असतं, आपण सगळ्यांना दिसतो आणि आपल्याला कुणी दिसत नाही. मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, खूप झाला. पण तो आनंद टाळ्यांसोबत येऊन टाळ्यांसोबत गेला, आणि घरी आल्यावर शालीला नव्या लोकरीचा वास तेवढा येत राहिला. श्रीफळ सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी नवरात्राच्या उपासाच्या चटणीत घातलं. ‘गोड निघाला,’ एवढा अभिप्राय मिळाला.

त्यानंतर बारा दिवसांनी कोजागिरी, आणि त्याच रात्री ग्रहण. वेध दुपारपासून. आमच्या गल्लीत दुधावरून केवढी चर्चा! कुणी आदल्या दिवशीच आटवलं, कुणी रद्दच केलं. आमच्याकडे सासूबाईंनी पातेल्यात तुळशीपत्र टाकलं आणि निर्णय दिला, मुलांनी पोटभर घ्यावं, मोठ्यांनी पळीभर. वेलदोड्याचा, जायफळाचा, किंचित करपलेल्या सायीचा वास गच्चीभर झाला. पातेलं मधोमध ठेवलं. त्यात चंद्र उतरला, केशराच्या काड्या त्याला अडकल्या, आणि सासूबाई पदर सावरत वाकून त्याच्याकडे पाहत होत्या. वर नाही. दुधात. पाहता पाहताच म्हणाल्या, ‘बारा वाट्या कमी पडतील, खालच्या चार आण.’

रात्री एकला मला जाग आली, सवयीनं. शाल ओढून वर गेले. थंडी पडायला लागली होती, पुरस्काराला काहीतरी काम मिळालं. एवढं लख्ख आकाश, एवढा गरगरीत चंद्र, आणि हळूहळू त्याच्या खालच्या कडेला काजळी धरली. कुणी तरी बोट टेकवावं तेवढीच. पुरता गिळणारं ग्रहण नव्हतं ते. पावणेदोनच्या सुमारास जेवढा गेला तेवढाच गेला, आणि मग तिथून उजळत परतू लागला. गावात कुठंतरी एक कुत्रं भुंकून थांबलं. मी पाहत उभी राहिले आणि एकाएकी लक्षात आलं की माझे हात रिकामे आहेत हे मी विसरले आहे.

खाली आले तर देवघरातून पुटपुट येत होती. सासूबाई जाग्या, ग्रहणात जप करत बसलेल्या. माझी चाहूल लागताच माळ थांबली.

‘किती गेला?’

‘थोडासाच. खालची कड.’

‘म्हणजे चतुर्थीचाच झाला म्हणायचा.’

मी तिसऱ्या पायरीवर बसले. ती कुरकुरली. मी म्हटलं, ‘आई, आता डिसेंबरात तुमचे हजार पुरे होतील. हजार पौर्णिमा पाहिलेली बाई!’

‘हजार कुठले गं?’ अंधारातून त्यांचा आवाज आला, हसरा. ‘पुनवेचे पाहिले ते कोजागिरीचे, तेही दुधात. बाकी पुनवेला घरात पुरणाचा घाट, नाहीतर सत्यनारायण. वर बघायला सवड कुणाला होती? पण चतुर्थीचे मात्र सगळे पाहिलेत. लग्न होऊन आले तेव्हापासून एक संकष्टी चुकली नाही. दिवसभराची उपाशी. तो आल्याशिवाय घास नाही. कधी साडेआठला यायचा, कधी सव्वादहाला. पोरं जेवून झोपलेली, आणि मी गच्चीत टाचा उंचावून बघतेय, आला का मेला. ढग असला तर ढगाला हात जोडायचे आणि पानावर बसायचं.’ जरा थांबून म्हणाल्या, ‘पुनवेचा कसा, न बघताही असतोच. हा शोधावा लागतो.’

माळ पुन्हा सुरू झाली.

मी तिथंच बसून राहिले. तळहातात एकदम ती काळी रबरी पिशवी भरून आली, सुरकुतली, पुन्हा भरून आली. कोठीच्या भिंतीवर आपटलेल्या अक्षता आठवल्या. डोळे मिटून कानशीची दिशा ठरवणारा तो म्हातारा आठवला. तुपातली जाळी आठवली. या वर्षाचे सगळे मोठे, वाटोळे, प्रकाशानं ओथंबलेले दिवस एका बाजूला होते, त्यांचे फोटो होते, चित्रफिती होत्या, जावयानं ते सगळं एका पेनड्राइव्हमध्ये भरून दिलं होतं. आणि दुसऱ्या बाजूला हे, कडेनं थोडे उणे असलेले, भुकेल्या डोळ्यांनी शोधलेले. ग्रहण सुटायला अजून वेळ होता. मला झोप आली नाही, यावीशी वाटलीही नाही.

सहस्रचंद्रदर्शन दत्तजयंतीला, 26 डिसेंबरला झालं. नरसोबाच्या वाडीला जाऊन आलेले पाहुणे येताना कवठाची बर्फी घेऊन आले, सगळ्या घराला तो आंबटगोड वास. गुळानं तुला करायची ठरली होती. सासूबाई तराजूकडे पाहून म्हणाल्या, ‘मला नका टांगू. गूळ तसाच वाटून टाका,’ आणि विषय मिटला. चांदीच्या छोट्या चंद्राची पूजा झाली. ओवाळायला दिवे इतके होते की ताम्हनाची कड धरवेना, लेकीची बोटं पोळली. गुरुजींनी सांगितलं, या मातेनं सहस्र चंद्र पाहिले. तेव्हा दिव्यांच्या त्या थरथरत्या झळाळीतून सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि एक भुवई किंचित वर केली. बाकी कुणाला कळलं नाही. औक्षण होताच त्या उठल्या. आमटीला फोडणी कुणी दिली ते त्यांना बघायचं होतं.

पाहुणे पांगले, लेक-जावई तेवढे राहिले. चार दिवसांनी संकष्टी. मीही धरली. मला फार देवाधर्माचं नाही, हे त्यांना ठाऊक आहे. त्यांनी काही विचारलं नाही, सकाळी चहासोबत माझ्यापुढे राजगिऱ्याची वडी सरकवली. संध्याकाळपर्यंत पोटात एक हलकी, स्वच्छ पोकळी झाली आणि घरातले वास फार दुरून, फार स्पष्ट यायला लागले, उकडीचा वेगळा, चवाचा वेगळा. नऊच्या आसपास आम्ही दोघी वर गेलो. पूर्वेला शेजाऱ्यांची पाण्याची टाकी. जावई मागोमाग आला, फोन उंच धरून. त्याच्या अ‍ॅपमध्ये चंद्र कुठं आहे ते बाण दाखवतो. ‘आजी, उगवलाय, टाकीच्या मागेच आहे, इथून सात अंश.’

‘त्याला उगवला म्हणत नाहीत,’ सासूबाई म्हणाल्या. ‘दिसू दे.’

त्या टाचा उंचावून उभ्या होत्या, एक हात कठड्यावर. मी दुसऱ्या बाजूला. टाकीची कड आधी पिवळी झाली, मग तांबूस, आणि मग डाव्या अंगानं तो वर सरकला, थोरला, मातकट, एका बाजूनं जरा दबलेला.

‘आला!’ आम्ही दोघी एकदमच म्हणालो, माझाच आवाज मोठा होता.

त्यांनी पळीभर पाणी सोडलं, अक्षता वाहिल्या, या वेळी समोर भिंत नव्हती. हात जोडून डोळे मिटले आणि क्षणात उघडले. ‘चल, भात निवतोय. आणि त्याला विचार, मोदक किती खाणार, उकड थोडी राहिलीय ती मळायची का फ्रिजात टाकायची.’ जिन्यावरून उतरताना त्यांनी खालूनच हाक दिली, ‘अहो जावईबापू, तो फोन ठेवा आणि पानं घ्या!’